चाळिशीजवळ पायलट व्हायचंय? पैसे कोणत्या क्रमाने घालायचे ते आधी ठरवा

व्यावसायिक पायलट परवान्यासाठी वय किमान १८ लागतं आणि ६५ पर्यंत एअरलाइनमध्ये विमान चालवता येतं. चाळिशीत परवाना मिळाला तरी हातात बरीच वर्षं उरतात. अडचण पैशाची. भारतात २०० तासांचं प्रशिक्षण साधारण ४५ ते ६० लाखांच्या घरात जातं, टाइप रेटिंगचा (एअरबससारखं ठराविक विमान चालवण्याच्या परवानगीचा) खर्च वेगळा. स्वस्तातला जवळचा रस्ता नाही, पण वाया जाणारे पैसे नक्की वाचवता येतात. त्यासाठी क्रम पाळा: आधी मेडिकल, मग परीक्षा, शेवटी उड्डाण.

मेडिकलचा निकाल येईपर्यंत कुठेही फी भरू नका. आधी प्राथमिक स्तरावरची क्लास २ तपासणी, मग व्यावसायिक परवान्यासाठीची क्लास १. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, यांच्या यादीतल्या डॉक्टर किंवा केंद्राकडेच जायचं. या वयात अडकवतात ते बीपी, साखर, वजन आणि ईसीजी, म्हणून आधी घरच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. चष्मा चालतो, लाल-हिरवा रंग ओळखता न येणं मात्र महागात पडतं. ‘तात्पुरते अपात्र’ असा शेरा आला तर उपचार घेऊन पुन्हा तपासणी होते, घाबरू नका.

बारावीला फिजिक्स-मॅथ्स नसेल तर एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून ते दोन विषय देता येतात. मग डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षेसाठीचा नोंदणी क्रमांक, काढा. बारावीच्या गुणपत्रिकेची पडताळणी तुमच्या विभागीय मंडळाकडून करून घ्यावी लागते. कोल्हापूर मंडळाचे विद्यार्थी असाल तर हे काम शहरातच होतं, फक्त लवकर सुरू करा.

लेखी परीक्षा नोकरी न सोडता द्या. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतली शिफ्ट सांभाळूनही रोजचे दोन तास निघतात. नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, एअर रेग्युलेशन्स (हवाई नियम) आणि टेक्निकल (विमान व इंजिन), प्रत्येकात ७० टक्के हवेत. गणित सुटलेल्यांनी नेव्हिगेशनला जास्त वेळ द्यावा. ६० नॉटिकल मैलांनंतर १ मैल बाजूला सरकलात तर दिशेची चूक १ अंश. असे हिशेब कागदाशिवाय जमले पाहिजेत. आरटीआर, म्हणजे रेडिओची परीक्षा, भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाल्यावर दूरसंचार खात्याकडून डीजीसीएकडे आली आहे. जुन्या नोट्सवर विसंबू नका.

उड्डाणाची संस्था निवडताना घर जवळ आहे हा निकष पुरेसा नाही. कोल्हापूरहून बेळगाव महामार्गाने सोयीचं, बारामतीही आवाक्यात. धुळे, जळगाव, गोंदियालाही शाळा आहेत. प्रत्यक्ष जाऊन विचारा: आज उडण्याजोगी विमानं किती, विद्यार्थी किती, गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याला २०० तासांना किती महिने लागले? उत्तर तिथल्या विद्यार्थ्यांकडूनच घ्या, ऑफिसमधून नको. विमान दुरुस्तीला आणि इन्स्ट्रक्टर रजेवर असला की महिनाभर खोलीभाडं जातं, हात विसरतो आणि तेच धडे पुन्हा पैसे भरून घ्यावे लागतात. पावसाळ्यातही असंच होतं. म्हणून फी टप्प्याटप्प्याने भरा, परताव्याची अट लेखी घ्या, आणि पूर्ण पैसा जमेपर्यंत सुरुवात करू नका. अर्ध्यावर थांबलेले तास सर्वांत महाग.

२०० तासांत पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी तुमच्याकडे) म्हणून १०० तास, त्यात २० क्रॉस-कंट्री (एका ठिकाणाहून दूरच्या दुसऱ्या ठिकाणी), ५ रात्रीचे (किमान १० टेकऑफ-लँडिंगसह) लागतात; शिवाय इन्स्ट्रुमेंटचे (बाहेर न पाहता फक्त उपकरणांवरून उडण्याचे) १०, त्यातले ५ पर्यंत सिम्युलेटरवर. लॉगबुकची दर आठवड्याला या आकड्यांशी बेरीज जुळवा. शेवटी पाच तास कमी निघाले तर पुन्हा विमान भाड्याने घ्यावं लागतं.

इंजिन सुरू झालं की मीटर चालू. त्यामुळे चेकलिस्ट घरी खुर्चीत बसून, हात त्या-त्या जागी नेत, मोठ्याने पाठ करा. सेसना १५२ या प्रशिक्षण विमानात १७०० आरपीएमवर मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारी यंत्रणा, दोन असतात) तपासताना आरपीएम १२५ पेक्षा जास्त पडू नये आणि दोन मॅग्नेटोंमधला फरक ५० च्या आत राहावा. हे जमिनीवर तोंडपाठ असलं तर दर उड्डाणाला काही मिनिटं वाचतात, आणि २०० तासांत त्याचे चांगले पैसे होतात.

एअरलाइनच्या कॅडेट योजनांना (एअरलाइनमार्फत प्रशिक्षण घेऊन पायलट होण्याच्या योजनांना) बहुधा तिशीच्या आसपास वयाची अट असते, तो रस्ता गृहीत धरू नका. चाळिशीतल्यांसाठी असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर रेटिंग (उड्डाण शिकवण्याची परवानगी) जास्त भरवशाचं: शिकवताना पगार मिळतो आणि तासही वाढतात. टाइप रेटिंगचे पैसे मात्र नोकरीची आशा दिसेपर्यंत भरू नका.