साठीत गोल्फ शिकताना: आधी अर्धा स्विंग

बडोद्यात लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात मोतीबाग क्रिकेट मैदान आहे आणि गोल्फ कोर्सही. निवृत्तीनंतर गोल्फकडे वळणाऱ्या इथल्या बहुतेकांच्या हातात क्रिकेट मुरलेलं असतं, आणि पहिले दोन महिने तेच आडवं येतं. फलंदाज चेंडूकडे पाय टाकतो, पुढचं कोपर उचलतो, शेवटच्या क्षणी मनगटानं बॅट वळवतो. गोल्फचा चेंडू जागच्या जागी थांबलेला असतो, त्यामुळे हे तिन्ही जुगाड निरुपयोगी ठरतात. पुढचं सगळं उजव्या हातानं खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.

सामान थोडंच घ्या. नियमानं पिशवीत 14 क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, चालतात, पण सुरुवातीला 7 नंबर आयर्न आणि 9 नंबर आयर्न (धातूच्या चपट्या डोक्याचे), पिचिंग वेज (जवळच्या उंच फटक्यांसाठी), एक हायब्रिड (लांबच्या फटक्यांसाठी) आणि पटर (चेंडू जमिनीवरून भोकाकडे घरंगळवायचा), एवढे पाच पुरेत. दांडा ग्रॅफाइटचा, सीनियर फ्लेक्सचा, म्हणजे जास्त लवचीक, असावा. मुलाचा किंवा मित्राचा जुना स्टीलचा जड सेट फुकट मिळाला तरी नको. जड क्लब नेमाने फिरवला की आधी कोपर बोलायला लागतं. ग्रिप, म्हणजे दांड्यावरची मूठ, गुळगुळीत झाली असेल तर कोमट साबणाच्या पाण्यानं धुवा, तरीही सटकत असेल तर बदला. निसरडी ग्रिप माणूस नकळत आवळतो.

क्लब डाव्या हाताच्या बोटांत तिरका धरायचा, तळहातात नाही. खाली पाहिल्यावर डाव्या मुठीची दोन ते तीन हाडं दिसावीत. एकच दिसत असेल तर चेंडू बहुधा उजवीकडे वळत जाणार. बोटांत संधिवात असेल तर बोटं एकमेकांत अडकवू नका, दहाही बोटांनी धरा. नियमाची आडकाठी नाही. पकड किती घट्ट? कुणाला तरी क्लबचं डोकं हलकेच ओढायला सांगा. क्लब हातातून निसटू नये, पण हात थोडे पुढे ओढले जावेत.

उभं राहताना कमरेतून वाका, पाठ कुबडी करू नका. हात खांद्यांखाली सैल लोंबू द्या. क्लबचं वरचं टोक आणि मांडी यांत मुठीहून थोडं जास्त अंतर राहतं. चेंडू दोन्ही पायांच्या मध्यावर. इथे वयाचा विचार करायलाच हवा: कंबर पूर्वीसारखी वळत नाही. म्हणून उजवं पाऊल थोडं बाहेर वळवून ठेवा आणि मागे वळताना डावी टाच उचलली जात असेल तर उचलू द्या. पाय सिमेंटमध्ये रोवल्यासारखे ठेवून खांदे वळवायला गेलात की सगळा पीळ कमरेच्या मणक्यांवर येतो.

आता अर्धा स्विंग, म्हणजे क्लब अर्ध्यापर्यंतच फिरवणं. मागे जाताना डावा हात जमिनीला समांतर होईपर्यंतच जायचं. पुढे उजवा हात समांतर झाला की थांबायचं. शेवटी पोट लक्ष्याकडे, वजन डाव्या पायावर, उजवी टाच वर. तिथे तीन आकडे मोजेपर्यंत उभं राहता आलं पाहिजे. तोल जात असेल तर जोर जास्त लागलाय. पहिला महिना याहून मोठा स्विंग नको.

खरा सराव चेंडूशिवायच होतो. मैदानातल्या माणसाला विचारून गवतावर रांगोळीची एक सरळ रेघ ओढा. रेघ दोन्ही पायांच्या मध्यावर यावी, म्हणजे जिथे चेंडू असतो तिथेच. रेघेवरून सरकत सरकत वीस अर्धे स्विंग करा आणि गवत कुठे खरवडलं ते पाहा. ओरखडा रेघेवर किंवा तिच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला, सुरू व्हायला हवा. रेघेच्या मागे सुरू होत असेल तर वजन उजव्या पायावरच राहिलंय, आणि चेंडू असता तर क्लब आधी मातीत रुतला असता. सरावाच्या कृत्रिम गवताच्या मॅटवर ही चूक कळत नाही: क्लब घसरून चेंडूवर जातो, आवाजही छान येतो, आणि दणका मात्र कोपरात जिरतो.

चेंडूचं डोकं छाटलं गेलं, म्हणजे क्लब चेंडूच्या वरच्या भागाला लागला, की आजूबाजूचे सगळे सांगतात, ‘माथुं नीचुं राखो’ (डोकं खाली ठेवा). डोकं दाबून धरलं तर शरीर वळतच नाही आणि चूक वाढते. बहुतेक वेळा कारण वेगळंच असतं: चेंडू खालून उचलायला माणूस मागे रेलतो आणि कोपरं आखडतो. चेंडू वर न्यायचं काम क्लबच्या तिरकेपणाचं; 7 नंबर आयर्नचा चेहरा, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, साधारण 30 ते 34 अंश मागे कललेला असतो. उजवीकडे वळत जाणारा फटका, म्हणजे स्लाइस, होतो तो चेंडूला लागताना क्लबचा चेहरा स्विंगच्या दिशेपेक्षा उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला, राहिल्यानं. त्यावर डावीकडे निशाण धरणं हा उलटा उपाय आहे, स्लाइस आणखी वाढतो. आधी पकड तपासा.

चेंडू कुठे लागतोय ते पाहायला व्हाइटबोर्डच्या मार्करनं चेंडूच्या मागच्या बाजूला टिपका काढा. क्लबवर ठसा उमटतो. ठसा टोकाकडे येत असेल तर चेंडूपासून दूर उभे आहात किंवा हात आखडताय.

आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी 50 चेंडू. दहा चिप (छोटे, जवळचे फटके), पंचवीस अर्धे स्विंग, दहा थोडे मोठे (पहिला महिना हेही अर्धेच), शेवटचे पाच प्रत्येक फटक्याआधी मागे जाऊन, निशाण ठरवून. टोपली रिकामी करायची घाई नको. दमलेल्या अंगाला चुकीचीच सवय लागते. राहिलेला वेळ पटिंगला, म्हणजे पटरनं चेंडू भोकात घालण्याला, द्या: पूर्ण खेळासाठी ठरलेल्या फटक्यांच्या, म्हणजे पार 72 च्या, हिशेबात 36 फटके पटिंगचेच धरलेले असतात. तीन फुटांवरून सलग दहा आत गेले की मग लांबचे.

शिक्षक निवडताना एकच बघा: त्यानं पहिल्याच दिवशी गुडघे, पाठ, रक्तदाब यांची चौकशी केली का? एका तासात पाच गोष्टी बदलणारा नको. हृदयाचा किंवा मणक्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सुरुवातीला दहा मिनिटं चालणं आणि खांदे-कंबर सैल करणं, मग क्लब. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेआठच्या आत आटपा. कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं तर मॅट बंद. दुखणं थांबेपर्यंत फक्त पटर.