तंबोऱ्यात ‘टक्’ येतोय? लिनक्सवर रेकॉर्डिंग करताना या चुका टाळा

तबल्याच्या ठेक्यात एखादा ‘टक्’ लपून जातो. तंबोऱ्याच्या अखंड नादात तो लगेच कानाला टोचतो. म्हणूनच मिरजेत सतारमेकर गल्लीतून जवारी काढून आणलेला तंबोरा छेडून मी संगणकाची परीक्षा घेतो.

संगणक आवाजाचे नमुने गठ्ठ्यागठ्ठ्याने हाताळतो, त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. सगळ्यात मोठी चूक म्हणजे पहिल्याच दिवशी बफर 64 नमुन्यांवर आणणं. सेकंदाला 48,000 नमुने धरले, तर 256 चा बफर 5.3 मिलिसेकंदांचा होतो आणि 64 चा 1.3 चा. आवाज संगणकात जाण्यायेण्याचा आणि इंटरफेसचा (माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीचा) वेळ त्यात मिळवावा लागतो, हे खरं. पण हवेत आवाजाला एक मीटर जायलाच सुमारे 3 मिलिसेकंद लागतात. तंबोऱ्यापासून दोन हात लांब बसून गाणाऱ्याला एवढा उशीर कधीच खटकत नाही. 256 पासून सुरुवात करा, अर्धा तास स्वच्छ गेला की 128 करून बघा.

‘प्रोसेसर तर 15 टक्केच चालतोय, मग टक् कशाने?’ हे मला वारंवार विचारलं जातं. सरासरी बघून उपयोग नाही. प्रत्येक बफर वेळेत भरला पाहिजे. एक जरी चुकला तरी आवाज तुटतो, त्यालाच एक्सरन म्हणतात. लॅपटॉप वीज वाचवायच्या मोडवर असेल तर प्रोसेसर वेग वाढवेपर्यंत वेळ निघून जातो. प्रोसेसरचा वेग ठरवणारा गव्हर्नर ‘परफॉर्मन्स’वर ठेवा, वायफाय बंद करा, इंटरफेस हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये लावा. मात्र एका वेळी एकच बदल करा. लिनक्सवर आवाज हाताळायला पाइपवायर ही प्रणाली असेल तर तिचा पीडब्ल्यू-टॉप (pw-top) हा प्रोग्राम उघडून चुकांचा आकडा वाढतो का ते पाहा.

जॅक ही दुसरी ऑडिओ प्रणाली वापरणाऱ्यांची नेहमीची अडचण परवानगीची. वापरकर्त्यांच्या ऑडिओ गटाला रियलटाइम प्राधान्य (आवाजाचं काम इतर कामांच्या आधी) आणि मेमरी लॉकची (मेमरी अडवून ठेवायची) मुभा देतात, स्वतःचं नाव गटात घालतात, पण लॉगआउट करून परत लॉगिन करत नाहीत. तोवर बदल लागूच होत नाही.

रियलटाइम कर्नलच्या, म्हणजे कामं ठरल्या वेळेत उरकायला घडवलेल्या लिनक्सच्या गाभ्याच्या, मागे लगेच लागू नका. 2024 च्या 6.12 आवृत्तीपासून ती सोय मुख्य कर्नलमध्येच आली आहे, पण बऱ्याच जणांचं काम नेहमीच्या कर्नलला संगणक सुरू होताना ‘थ्रेडआयआरक्यूज’ (threadirqs) हा पर्याय देऊन भागतं.

आणि नुसता तंबोरा रेकॉर्ड करायचा असेल, तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग चालू करा. हेडफोनमधला आवाज मग संगणकातून फिरून येत नाही. बफर खुशाल 1024 ठेवा.