लाकडाची जुनी मोटार बनवताय? या चुका टाळा

कुणी पहिलीवहिली लाकडी मोटार दाखवायला आणली की मी बॉनेट, टप, कंदील यांतलं काहीच आधी बघत नाही. गाडी सपाट फळीवर ठेवतो आणि एका कोपऱ्यावर बोट दाबतो. डुगडुगली की पुढचं विचारायची गरजच उरत नाही. गडी आधी नटवायला बसला आणि आस, म्हणजे चाकं जोडणारी दांडी, शेवटी टाकली.

सगळ्यांचं हेच होतं. ठोकळा हातात आला रे आला की बॉनेटचा उतार काढायची घाई. रंधा मारून, कानस फिरवून बॉडी गोलसर झाली की मग आठवतं, अरे, चाकं राहिली! तोवर गुण्या (काटकोन बघायचं हत्यार) टेकवायला एकही सरळ बाजू शिल्लक नसते. मग डावीकडून अर्धं भोक, उजवीकडून अर्धं, आणि मध्ये दोन्ही भेटतील असा भाबडा विश्वास. ती भेटत नाहीत.

हे मी तोऱ्यात सांगत नाहीये, स्वतः करून बसलोय. फोर्ड कंपनीची जुनी मोटार, मॉडेल टी, 1:12 प्रमाणात, म्हणजे मूळ गाडीच्या बाराव्या हिश्शाची. चार संध्याकाळी खपून बॉडी अशी साधली होती की स्वतःवरच खूश होतो. मग हातातल्या ड्रिलने मागच्या आसाचं भोक पाडलं. एका बाजूला जेमतेम दोन मिलिमीटर वर गेलं आणि मागचं डावं चाक हवेत. खरं तर भोकात दांडी चिकटवून बुजवायचं आणि पुन्हा पाडायचं, एवढंच काम. पण मी शहाणा. म्हटलं, बाकीची चाकं जरा घासू. एक घासलं तर गाडी पुढे झुकली, दुसरं घासलं तर बाजूला. रात्री अकरापर्यंत एकही चाक गोल राहिलं नव्हतं. ढकलली की लंगडत चालायची. ती अजून माझ्या बाकड्यावर खिळ्याला टांगलेली आहे, आणि नवीन ठोकळा हातात घेतला की मी मुकाट्याने आधी तिच्याकडे बघतो.

तेव्हा ठोकळा चौकोनी असतानाच, करवत लावण्याआधी, दोन्ही बाजूंना गुण्याने खुणा करा आणि ड्रिल स्टँडवर भोक पाडा. खाली टाकाऊ फळी ठेवा, नाहीतर पलीकडच्या तोंडाला ढलप्या निघतात. स्टँड नाही? मग भोक पाडूच नका. गाडीच्या पोटाला आडवी खाच करवतीने घ्या, आस तिच्यात बसवा आणि वरून पट्टी चिकटवा. आता स्टँड असूनही मी खाचच करतो.

आसाची दांडी 6 मिलिमीटरची असेल तर बॉडीतलं भोक 7 चं ठेवा. साडेसहाचं कोरड्या हवेत छान चालतं, दमट हवेत लाकूड फुगलं की आवळतं. चाकाचं भोक मात्र घट्टच हवं. दुकानातली ‘सहाची’ दांडी नेहमी सहाची नसते, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यात भोक पाडून बघायचं. फेव्हिकॉल चाकाच्या भोकात, बाहेरच्या तोंडाजवळ लावा. दांडीला लावलात तर चाक सरकवताना तो आत बॉडीकडे ढकलला जातो आणि सकाळी गाडीची चाकं जाम. दांडीच्या मधल्या भागाला मेणबत्ती घासा. टोकांना नको, मेणावर गोंद धरत नाही.

दुसरी खोड म्हणजे चाकं लहान करणं. का कोण जाणे, प्रत्येकाचा हात लहान चाकाकडेच जातो. डोळ्यांत आजच्या गाड्या बसल्यात म्हणून असेल. मॉडेल टीच्या दोन आसांमधलं अंतर 100 इंच आणि टायरसकट चाकाचा व्यास 30 इंच. म्हणजे 1:12 मध्ये आसांत साधारण 212 मिलिमीटर, आणि चाक साडेत्रेसष्ट. पन्नासचं चाक लावलंत तर बॉडी कितीही घोटा, जुनी मोटार दिसणार नाही. त्यात होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावून गोल चकती कापायची करवत, फसवतो. त्याच्यावर लिहिलेला आकडा भोकाचा असतो, चकतीचा नव्हे. पात्याची जाडी दोन्हीकडून जाते आणि चकती चार-पाच मिलिमीटरने लहान निघते. साडेत्रेसष्ट हवं तर मी 68 चा लावतो. अर्ध्यापर्यंत कापून फळी उलटवा, म्हणजे कड फाटत नाही. आणि नकाशा छापताना प्रिंटरला ‘पानात बसव’ म्हणू नका, तो गुपचूप सगळंच आखडून देतो. छापलं की आधी पट्टी लावा.

मडगार्ड सरळ फळीतून वळणदार कापलं की पहिल्याच पडण्यात तुटतं, कारण वळणापाशी रेषे आडवे येतात आणि लाकूड रेष्यांच्या दिशेने चिरतं. मी एक मिलिमीटरच्या तीन पट्ट्या साच्यावर वाकवून एकमेकींना चिकटवतो आणि रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेवतो. रात्रभर म्हणजे रात्रभर. दोन तासांनी उघडून बघणाऱ्यांना मी प्लायवूड वापरायला सांगतो. आऱ्यांचंही तेच. मूळ चाकाला लाकडाचेच 12 आरे होते खरे, पण एकाच चकतीतून कोरलेत तर आडव्या रेष्यांचे आधी जातात. खेळायची गाडी असेल तर भरीव चाक बरं.

खेळण्यावरून आठवलं, कंदील नुसते चिकटवू नका, मागे खुंटी ठेवून भोकात बसवा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांत सुट्या भागांची चाचणी 31.7 मिलिमीटर व्यासाच्या नळीने करतात. तिच्यात पूर्ण मावणारा तुकडा घशात अडकू शकतो. तुमचा कंदील नक्की मावतो.

सागवान तेलकट असतं. चिकटवायच्या ऐन आधी थिनरने पुसा.

80 नंबरच्या पॉलिश पेपरवरून थेट 240 नंबरवर उडी मारू नका, ओरखडे पॉलिशखाली उठून दिसतात.

1914 ते 1925 या काळात मॉडेल टी फक्त काळ्या रंगातच निघत होती. तेव्हा ‘1920 ची’ म्हणून लालभडक गाडी दाखवू नका.

आणि लाकडाला जवसाचं तेल लावलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात फेकू नका. ते वाळताना तापतं आणि आपोआप पेटू शकतं. मी ते उलगडून बाहेर दोरीवर टाकतो, कडक झालं की मगच कचऱ्यात.