आल्बाच्या टेकड्यांत ट्रफलशोधाचा एक दिवस कसा आखावा

सकाळी तोरिनोहून (ट्युरिनहून) निघून इटलीच्या पिएमोंते प्रदेशातील लांगे टेकड्यांत ट्रफलचा, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या आणि कुत्र्याकरवी हुंगून शोधल्या जाणाऱ्या सुगंधी बुरशीचा, शोध पाहायचा, दुपारी तिथले पदार्थ चाखायचे आणि रात्री परतायचे, असा बेत एका दिवसात नीट बसतो. तो आखताना मात्र सहलीचे दर पाहण्याआधी महिना ठरवावा. या टेकड्यांतल्या आल्बा गावाचे नाव ज्यामुळे गाजले तो पांढरा ट्रफल मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात मिळतो आणि नोव्हेंबरात त्याचा सुगंध ऐन भरात असतो. उन्हाळ्यात मिळतो तो काळ्या सालीचा उन्हाळी ट्रफल. त्याचा वास सौम्य असतो आणि भावही पुष्कळच कमी असतो. जुलैतल्या सहलीत हाच ट्रफल ताटात येणार. त्यात फसवणूक नाही, पण जाहिरातीत ‘ट्रफल’ एवढेच लिहिलेले असल्याने अनेकांचा गैरसमज होतो. आयुष्यात एकदाच जाणे होणार असेल तर खर्च आणि गर्दी सोसूनही नोव्हेंबरच निवडावा, असे माझे मत आहे.

शरद ऋतूत आल्ब्यात पांढऱ्या ट्रफलचा आंतरराष्ट्रीय मेळा भरतो. त्याचा बाजार शनिवार-रविवारी असल्यामुळे मेळा पाहायचा असेल तर गर्दी स्वीकारावी लागते. ज्यांना रानातली शांतता हवी त्यांनी मधला वार धरावा. तोरिनोहून आल्ब्यापर्यंत रेल्वेने जाता येते, मात्र तिथून गावोगावी जाण्यासाठी गाडी लागतेच. स्वतः गाडी चालवणार असाल तर इटलीत चालकाच्या रक्तातील मद्याची मर्यादा लिटरमागे 0.5 ग्रॅम आहे हे लक्षात ठेवावे. बारोलो आणि बार्बारेस्को या वाइन ज्या टेकड्यांवर तयार होतात तिथे जेवणाबरोबर दोन-तीन वाइन चाखणे ओघाने येते, तेव्हा चालक असलेली सहल घेणेच शहाणपणाचे.

नोंदणी करताना एक प्रश्न संकोच न करता विचारावा: शोध खरा असेल, की कुत्र्याला सापडावेत म्हणून ट्रफल आधी पुरून ठेवलेले असतील? पाहुण्यांसाठीच्या बहुतेक फेऱ्या या प्रात्यक्षिकाच्या असतात आणि त्याला सबळ कारण आहे. ट्रफल शोधणारे, ज्यांना तिथे ‘त्रिफोलाओ’ म्हणतात, आपल्या जागा घरच्यांनाही सहजासहजी सांगत नाहीत. कित्येकजण कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून रात्रीच रानात जातात. असा माणूस अनोळखी मंडळींना आपल्या खऱ्या झाडाखाली कशाला नेईल? प्रामाणिक आयोजक हे आधीच सांगतो, आणि प्रात्यक्षिकातही कुत्र्याचे काम जवळून पाहायला मिळते. हमखास ट्रफल सापडेल असे वचन देऊन वर शोध खरा असल्याचेही सांगणाऱ्यापासून मात्र दूर राहावे. याच वेळी गटात किती माणसे असतील, माहिती कोणत्या भाषेत मिळेल आणि जेवणातल्या ट्रफलचे पैसे शुल्कात धरले आहेत की ग्रॅमच्या हिशेबाने वेगळे द्यावे लागतील, हेही लेखी विचारून घ्यावे.

परवानाधारक माणूस सोबत नसताना स्वतः रानात उकरायला जाऊ नये. इटलीच्या 1985 च्या कायद्यानुसार ट्रफल गोळा करण्यासाठी परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो, शोध प्रशिक्षित कुत्र्याच्या साहाय्यानेच करावा लागतो आणि खणण्यासाठी ठरावीक छोटे अवजार वापरावे लागते. डुकरे घेऊन ट्रफल शोधण्याची चित्रे लोकप्रिय असली तरी इटलीत ती पद्धत आता इतिहासजमा झाली आहे. खणलेला खड्डा पुन्हा बुजवणे हाही नियमच आहे. ट्रफल ओक, पॉप्लर, लिंडन, हेझल अशा झाडांच्या मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीचे फळ असते. खड्डा उघडा राहिला तर मुळांभोवतीचे तंतू सुकतात आणि पुढच्या वर्षीचे पीक जाते. या साऱ्या परंपरागत ज्ञानाची 2021 मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली आहे.

पायांत घोट्यापर्यंतचे, चिखलाला पुरे पडणारे बूट असावेत. शरदात सकाळी दाट धुके असते आणि उतार निसरडे होतात. अत्तर लावू नये, कारण दिवसाचा अर्धा आनंद नाकाचा आहे. कुत्रा जमीन हुंगू लागला की त्याला हाका मारू नयेत, खाऊ देऊ नये. बक्षीस त्याच्या मालकानेच द्यायचे असते. ट्रफल पिकल्यावरच वास सोडतो, म्हणून कुत्र्याने दाखवलेला ट्रफल सहसा पक्व असतो. तो हातात आला की आधी मातीसकट हुंगून पाहावा: लसूण, मध, ओली माती आणि गवत यांचा मिश्र वास आला पाहिजे. अमोनियासारखा उग्र दर्प आला तर तो उतरणीला लागलेला आहे.

जेवणात साधेपणा मागावा. पांढरा ट्रफल शिजवत नाहीत. गरम पदार्थावर अगदी पातळ किसतात, कारण त्याचा सुगंध उष्णतेने लगेच उडतो. अंड्याच्या बलकातली बारीक ‘तायारिन’ शेवई लोण्यात परतून तिच्यावर किसलेला ट्रफल, किंवा नुसत्या तळलेल्या अंड्यावरचा, यांपुढे मला इतर पदार्थ गौण वाटतात. कच्च्या गोमांसाचा पदार्थ आणि फोंतिना चीजचा रस्साही हमखास असतो. शाकाहारी मंडळींनी नोंदणीच्या वेळीच मांस नको असे सांगावे आणि चीजचीही चौकशी करावी, कारण फोंतिना बनवताना वासराच्या जठरातले रेनेट, म्हणजे दूध गोठवणारे द्रव्य, वापरतात. चाखायला ठेवलेल्या ‘ट्रफल तेला’ची तारीफ झाली तरी ते विकत घेण्याची घाई करू नये, बाजारातल्या बहुतेक तेलांत प्रयोगशाळेत बनवलेले सुगंधी रसायन असते.

विकत घ्यायचाच असेल तर लहान, टणक आणि मातीने न लिंपलेला ट्रफल घ्यावा. खाचांत भरलेल्या मातीचेही वजन धरले जाते. मुक्कामी परतल्यावर तो धुऊ नये. कागदी रुमालात गुंडाळून झाकणाच्या काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवावा, कागद रोज बदलावा आणि तीन-चार दिवसांत संपवावा. त्याच बरणीत दोन अंडी ठेवली तर त्यांच्या सच्छिद्र कवचातून सुगंध आत शिरतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या ऑम्लेटवर ट्रफल थोडा कमी किसला तरी चालतो.