जिवंत टिश्यूचा व्हिडिओ घेताना ऑटोफोकस कसा लावायचा

रात्रभराचं टाइमलॅप्स लावून गेलात आणि सकाळी बघता तर तिसऱ्या तासापासून सगळं धूसर, असं नको असेल तर आधी फोकस का सुटतो ते बघा. एक कारण म्हणजे मायक्रोस्कोपच तापतो. १० सेंमी ॲल्युमिनियम १ अंशाने तापलं की साधारण २.३ मायक्रॉन लांबतं, आणि १.४ एनएच्या (एनए म्हणजे लेन्स किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते त्याचं माप) ऑइल ऑब्जेक्टिव्हची, म्हणजे तेल लावून वापरायच्या लेन्सची, डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे एका वेळी स्पष्ट दिसणारी जाडी, असते जेमतेम अर्धा मायक्रॉन! म्हणून हीटर आणि चेंबर (सॅम्पल उबदार ठेवणारी पेटी) काही तास आधीच चालू करून ठेवा, निम्मा त्रास तिथेच मिटतो.

दुसरं कारण, टिश्यू स्वतः हलतो, वाढतो, फुगतो. इथेच बरेच जण फसतात. निकॉनच्या परफेक्ट फोकससारखी हार्डवेअर सिस्टिम इन्फ्रारेड प्रकाश कव्हरस्लिपवरून (सॅम्पलला लागून असलेल्या पातळ काचेवरून) परावर्तित करून काचेचं अंतर धरून ठेवते, पण ती फक्त काच धरते, टिश्यू कुठे गेला हे तिला कळत नाही. त्यामुळे माझं मत, दोन्ही वापरा: हार्डवेअर सतत चालू, आणि दर १०-१५ मिनिटांनी इमेजवरून ऑफसेट (काचेपासून फोकसचं अंतर) दुरुस्त करायचा.

इमेजवाल्यात सॉफ्टवेअर झेड (फोकसची वर-खाली उंची) बदलत फोटो घेतं, प्रत्येकाचा शार्पनेस स्कोअर काढतं आणि सगळ्यात जास्त स्कोअर जिथे येईल तिथे थांबतं. मायक्रो-मॅनेजर या मायक्रोस्कोप चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये हे फुकट मिळतं. स्कोअरसाठी लाप्लासियन (कडा शोधणारं गणिती फिल्टर) घेतलात तर आधी थोडा ब्लर द्या, नाहीतर अंधुक फ्लुओरोसन्समध्ये (प्रकाश टाकून पेशींतले रेणू चमकवून घेतलेल्या फोटोत) नॉइजलाच तो शार्प समजतो. रेंज लहान ठेवा, आधी मोठ्या स्टेप, मग शिखराजवळ बारीक, आणि शेवटच्या तीन पॉइंटमधून पॅराबोला काढला की स्टेपपेक्षाही नेमकी जागा मिळते. एरिया निवडताना काचेवरची धूळ बाहेर ठेवा, ऑटोफोकसला धूळ फार आवडते.

आणि प्लीज, हे सगळं फ्लुओरोसन्सच्या निळ्या लाइटवर करू नका. प्रत्येक जादा फोटो पेशींना भाजतो. पातळ सॅम्पल असेल तर लाल फिल्टर लावून ब्राइटफील्डवर (साध्या आरपार प्रकाशात) फोकस शोधा, फक्त दोन्हींच्या फोकसमधला फरक आधी मोजून ठेवा. कालच्या स्कोअरशी आजचा ताडूनही बघू नका, ब्लीचिंगमुळे (चमक हळूहळू विझत गेल्याने) तो आपोआप उतरतो, तुलना त्याच फेरीतल्या फोटोंमध्येच.

धडधडतं हृदय असेल तर प्रत्येक झेडला ठोक्याच्या एकाच टप्प्यावरची फ्रेम घ्या, नाहीतर हालचालीचा ब्लर आणि फोकसचा ब्लर यातला फरक सॉफ्टवेअरला कधीच कळणार नाही.