सडलेल्या संत्र्याची जखम बागेतली असते: तोडणीच्या वेळी या चुका टाळा

आंबिया बहाराची तोडणी जोरात असताना नागपूरच्या कळमना बाजारात रोजचे एक दृश्य असते. चार दिवसांपूर्वी भरलेले कॅरेट उघडले, की दोन-तीन फळांवर आधी पांढरी आणि मग हिरवी भुकटी धरलेली दिसते. शेतकरी वाहतुकीला दोष देतो, व्यापारी मालाला. ही हिरवी बुरशी मात्र संत्र्याच्या अखंड सालीतून सहसा आत शिरू शकत नाही. तिला जखम लागते, आणि ती बहुधा तोडणाऱ्याच्या हातूनच झालेली असते.

नागपुरी संत्र्याची साल सैल असते. खाणाऱ्याला ती सोय वाटते, तोडणाऱ्याला मात्र तीच नडते, कारण फळ पिरगाळून ओढले की देठाबरोबर सालीचा तुकडा निघून येतो आणि आतला पांढरा पापुद्रा उघडा पडतो. एवढी मोठी जखम दिसते तरी, पण देठाभोवती केसाएवढी चीर गेली असेल तर निवड करणाऱ्याच्याही नजरेतून ती सुटते. म्हणून फळ कात्रीनेच तोडावे, आणि तेही दोनदा कापून: पहिल्यांदा थोडा देठ ठेवून झाडावरून वेगळे करावे, मग उरलेला देठ फळाच्या पाठीलगत छाटावा. लांब राहिलेला देठ कॅरेटमध्ये शेजारच्या फळाला खिळ्यासारखा टोचतो. मजुरी फळांच्या संख्येवर ठरली, की कात्री हमखास बाजूला पडते. तेव्हा तोडणीचा ठेका देतानाच हे बोलून घेतलेले बरे. फांदी हलवून खाली पाडलेली फळे वरून कितीही चांगली दिसली, तरी ती लांबच्या बाजारासाठी भरू नयेत.

दुसरी चूक वेळेची आहे. सकाळच्या दवात संत्र्याची साल पाण्याने टरारलेली असते आणि थोड्या दाबानेही तिच्यातील तेलाच्या ग्रंथी फुटतात. बाहेर आलेल्या तेलाने साल जळून तपकिरी डाग पडतात. दव सुकल्याशिवाय तोडणी सुरू करू नये. भाजीचा नियम याच्या उलट आहे, हे मात्र विसरू नये: पालक, मेथी आणि सांबार (म्हणजे कोथिंबीर) ऊन चढण्यापूर्वीच काढावेत.

आधीच नुकसान झाले असेल, तर सडलेले फळ फेकण्यापूर्वी नीट पाहावे. बुरशी फळाच्या कुशीवर असेल, तर हाताळणीत मार बसला आहे. देठाकडून तपकिरी सड सुरू झाली असेल, तर झाडावरील वाळलेल्या फांद्या, म्हणजे सल, वेळेवर काढली गेली नव्हती का, हे तपासावे. पावसाळी हवेत जमिनीलगतच्या फांद्यांवरील फळे तपकिरी पडत असतील, तर मातीतील बुरशी पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर वर आलेली असते. अशी फळे वेगळी तोडावीत. सडका माल भरणीच्या जागेजवळ टाकू नये, कारण ती हिरवी भुकटी म्हणजे बुरशीचे बीजच असते आणि ते वाऱ्याने उडून ताज्या ढिगावर बसते.

घाईने कच्चे फळ तोडणे हीही चूकच. संत्रे केळी-आंब्यासारखे तोडल्यानंतर पिकत नाही. सालीचा रंग बदलता येतो, आतली गोडी वाढवता येत नाही.

भाजीपाल्याचा मोठा शत्रू उष्णता आहे. सांबाराच्या जुड्या पोत्यात दाबून भरल्यावर दोन-तीन तासांनी पोत्याच्या पोटात हात घालून पाहावा. आत गरम लागते, कारण तोडलेली पानेही श्वसन करतात आणि त्यातून उष्णता निघते. त्यावर बादलीभर पाणी ओतले, की सडायला आणखी निमित्त मिळते. जुड्या हवेशीर कॅरेटमध्ये उभ्या ठेवून वरून ओलसर, पाणी न गळणारे गोणपाट टाकावे. पिकलेले टोमॅटो किंवा पपई त्यांच्याजवळ ठेवू नये, कारण या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने पाने पिवळी पडतात.

शेतावर साठवणीसाठी दिल्लीच्या पुसा संस्थेने (भारतीय कृषी संशोधन संस्थेने) विकसित केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष आपल्या कोरड्या उन्हाळ्यात चांगला चालतो. विटांच्या दोन भिंती, मध्ये सुमारे ७.५ सेंटिमीटरची फट, फटीत वाळू आणि वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी, एवढीच त्याची रचना आहे. घरच्या कूलरचेच तत्त्व येथे लागू होते, आणि कूलरची मर्यादाही. ऑगस्टच्या दमट हवेत घरात कूलरने जसे नुसते चिकचिकते, तसेच या कक्षाचेही होते. त्या दिवसांत वाळू भिजवणे थांबवावे, झाकण उघडे ठेवावे आणि माल त्याच दिवशी बाजारात न्यावा.