एलडीएल कमी करायचंय? आधी दुधाची पिशवी वाचा

रिपोर्टमध्ये एलडीएल, म्हणजे रक्तातलं ‘वाईट’ कोलेस्ट्रॉल, वाढलेलं दिसलं की पहिली गदा अंड्याच्या बलकावर येते. चहातलं म्हशीचं दूध मात्र तसंच राहतं. एलडीएल वाढवण्यात खाण्यातल्या कोलेस्ट्रॉलपेक्षा संपृक्त चरबीचा (साय, तूप, लोणी यांत भरपूर असते ती) हात मोठा असतो, म्हणून सुरुवात तिथून.

फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो. रोज अर्धा लिटर पोटात गेलं की ३० ग्रॅम चरबी झाली, त्यातली सुमारे १८ ग्रॅम संपृक्त. एलडीएल वाढलेल्याने २००० कॅलरीच्या आहारात संपृक्त चरबी साधारण १३ ग्रॅमच्या आत ठेवायची असते! दीड टक्केवालं डबल टोन्ड आणा. सुटं दूध असेल तर तापवून, फ्रिजमध्ये गार करून साय काढा. आणि त्याच सायीचं तूप कढवून स्वतःच्या वरणावर घेऊ नका.

फरसाण, खारी, बटर बंद. पाकिटावर पामोलिन (पाम तेल) किंवा वनस्पती तूप दिसलं की परत ठेवा. तेलाच्या पिशवीवरच्या ‘कोलेस्ट्रॉल फ्री’ला भुलू नका, कुठल्याच वनस्पतीजन्य तेलात कोलेस्ट्रॉल नसतं.

बहुतेकांचं गाडं अडतं ते पुढे. तूप सुटतं, पण भूक भागवायला भात वाढतो, चहासोबत मारी बिस्किटं येतात. मग एलडीएल फारसं हलत नाही, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, मात्र वर जातात. काढलेल्या तुपाची जागा मैदा-साखरेने भरायची नाही. फोडणीला शेंगदाणा किंवा करडई तेल वापरा, तेही चमच्याने मोजून: माणशी महिन्याला अर्धा लिटर, म्हणजे दिवसाला जेमतेम तीन चहाचे चमचे. भाजी बुडाला लागते म्हणून तेल ओतू नका; झाकणावर पाणी ठेवून वाफ काढा. संध्याकाळच्या भुकेला मूठभर भाजलेले चणे किंवा मटकीची उसळ.

जोडीला विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणारे, तंतू हवेत. ७०-८० ग्रॅम ओट्समधून असाच एक तंतू, बीटा-ग्लुकन, सुमारे ३ ग्रॅम मिळतो. ओट्स घशाखाली उतरत नसतील तर इसबगोल, दिवसभरात १० ग्रॅम, दोनदा विभागून. दर वेळी पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्या, वरून आणखी पाणी. कोरडा फाकला तर घशात अडकतो. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

लसूण-लिंबाच्या काढ्यावर विसंबून डॉक्टरांनी दिलेली स्टॅटिनची (कोलेस्ट्रॉल कमी करणारी) गोळी सोडू नका. एलडीएल १९० किंवा वर असेल तर नुसतं पथ्य सहसा पुरत नाही. तपासणी पुन्हा दोन-तीन महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये.